चंचल मुलांना गुणपत्रिकेपलीकडचा आधार हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येत आहे. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के असताना कोकणाचा ९८.८२ टक्के लागला आणि सर्वच वृत्तपत्रांनी त्याचे रास्त कौतुक केले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील शिक्षकांनी, पालकांनी आणि मुलांनी हे यश कष्टाने मिळवलेले आहे. माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे त्या कष्टांची मला पूर्ण जाणीव आहे. मात्र निकाल इतका चांगला लागला की जे मूल उत्तीर्ण झाले त्याचे सारे काही ठीक चालले आहे असे आपण धरून चालतो, आणि एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता व अतिचंचलता, असलेली किशोरवयीन मुले या समजुतीत आपल्या नजरेतून निसटतात. यांतली बरीचशी मुले उत्तीर्ण होतात, काही तर उत्तम गुण मिळवतात. परंतु दहावीपर्यंत पोचताना त्यांची झोप, मैत्री, घरातले संबंध आणि स्वतःवरचा विश्वास यांचे काय झालेले असते, याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेवर नसते. या मुलांचे रोजचे जगणे सुसह्य व्हावे आणि अडचणींतून पुन्हा उभे राहण्याचे बळ त्यांना मिळावे यासाठी घराने, शाळेने आणि शासनाने काय करावे, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा लांबले आहे, तरी विषयाचे महत्त्व पाहून त्याला जागा द्यावी, ही विनंती.

प्रथम या अवस्थेविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. एडीएचडी हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडनमधील आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते, त्यामुळे ही मोबाइल आल्यापासूनची नवी थेरे आहेत, हे म्हणणे टिकत नाही. आईबापांनी वळण लावले नाही म्हणूनही तो होत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून त्यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास धरला जातो, आणि म्हणूनच ‘मीही लहानपणी असाच होतो, मला मार मिळाला आणि मी सुधारलो’ असे सांगणारे वडील शिक्षकांना इतक्या वेळा भेटतात. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित अंदाज असा आहे की, शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांमध्ये ही अवस्था आढळते. चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन मुले, असा हा हिशेब आहे. ही मुले कोकणातही आहेत आणि पुढेही असतील, एवढे त्यावरून मान्य व्हायला हरकत नसावी.

निदानाचे निकषही पालकांना माहीत असलेले बरे. लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वी दिसू लागलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी त्यांचा त्रास जाणवावा लागतो. त्यामुळे नववीत अचानक अभ्यासावरून मन उडालेल्या प्रत्येक मुलाला हे नाव चिकटवता येत नाही. त्यामागे नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइडचा आजार, घरातला कलह किंवा साधा चष्म्याचा नंबरही असू शकतो. उलट जे मूल पहिलीपासून दप्तर, डबा, छत्री हरवत आले आहे, ज्याला रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबवत नाही, ज्याचे प्रत्येक काम अर्ध्यावर सुटते, त्याच्या बाबतीत ‘मोठेपणी शहाणा होईल’ असे म्हणत वर्षे काढणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

२००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास करून दाखवले की, मेंदूच्या बाहेरील थराची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसातव्या वर्षी कमाल होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये ती साडेदहाव्या वर्षाच्या सुमारास होते. वाढीचा क्रम तोच असतो, फक्त तो सुमारे तीन वर्षे मागे चालतो. हा उशीर सर्वांत ठळक दिसतो तो कपाळामागच्या भागात, आणि मनाला आवर घालणे, कामाची आखणी करणे, वेळेचे भान ठेवणे या गोष्टी तर याच भागावर अवलंबून असतात. चौदा वर्षांच्या मुलाला ‘एवढा घोडा झालास तरी कळत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या उंचीकडे पाहून म्हणतो. त्याच्या मेंदूचा हा भाग अजून मागून येत असतो.

किशोरवयात या अवस्थेचे रूप पालटते. धावाधाव आणि बाकांवरून उड्या मारणे कमी होते आणि सगळी अस्वस्थता आत शिरते. नेमक्या याच काळात शाळेच्या मागण्या वाढतात. विषयागणिक वेगळे शिक्षक, प्रयोगवही, प्रकल्प, घटक चाचण्या, त्यांच्या वेगवेगळ्या तारखा, हे सारे मुलाने स्वतःच्या डोक्यात मांडून ठेवावे अशी अपेक्षा असते. प्राथमिक शाळेत एकच गुरुजी किंवा बाई दिवसभर नजर ठेवून असत. तो आधार आठवी-नववीत सुटतो, आणि जे मूल तोवर कसेबसे तरत आलेले असते ते गटांगळ्या खाऊ लागते.

मला आठवणाऱ्या मुलांपैकी एक मालवण तालुक्यातल्या मच्छीमार वाडीतला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहीत आहे. त्याच्या बीजगणिताच्या वहीत उदाहरणाच्या पहिल्या तीन पायऱ्या अगदी बरोबर असत, चौथ्या पायरीत उणे चिन्ह गळून जाई आणि पाचवी पायरी अर्धवट सोडून समासात होडीच्या इंजिनाच्या पंख्याचे चित्र सुरू झालेले असे. चित्र मात्र प्रमाणबद्ध, नटबोल्टांसकट. वहीच्या जवळजवळ प्रत्येक पानावर लाल शाईत ‘लक्ष नाही’, ‘निष्काळजी’, ‘पालकांनी भेटावे’ असे शेरे होते. वही घरी विसरली की त्याला वर्गाबाहेर उभे केले जाई, बाहेर उभा राहिल्यामुळे तो तास बुडे, आणि तास बुडाल्यामुळे दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ त्याला येत नसे. हाच मुलगा फाटलेले जाळे दुरुस्त करायला बसला की दुपार कधी सरली हे त्याला कळत नसे. ‘तेव्हा बरे लक्ष लागते!’ हा टोमणा त्याने घरात, वर्गात आणि वाडीत सारखा ऐकला होता.

या टोमण्याला नीट उत्तर देणे आवश्यक आहे, कारण एडीएचडीवर विश्वास न ठेवणाऱ्यांचा सर्वांत मोठा आक्षेप हाच असतो. या मुलांकडे लक्ष नसते असे नाही. ते हवे तिथे वळवणे आणि हवे तितका वेळ टिकवणे त्यांना जमत नाही. ज्या कामात आवड आहे, जे हाताने करायचे आहे आणि ज्याचे फळ डोळ्यांसमोर लगेच दिसते, तिथे त्यांचे लक्ष इतरांपेक्षाही अधिक गुंतते. चार महिन्यांनी होणाऱ्या परीक्षेसाठी आज उत्तर पाठ करायचे असेल, तर तेच लक्ष हाती लागत नाही. यात इच्छाशक्तीचा दोष शोधणे म्हणजे चष्मा लागलेल्या मुलाला डोळे ताणून फळा वाचायला सांगणे आहे.

दुसरी आठवण एका मुलीची आहे. ती खिडकीशेजारी बसे, कोणाच्या अध्यात नसे की मध्यात नसे, आणि म्हणूनच कोणाच्याही नजरेत आली नाही. वर्गात ऐकलेले निसटे म्हणून ती रात्री एक-दीडपर्यंत जागून तोच धडा पुन्हा पुन्हा वाची, सकाळी डोके दुखत असताना शाळेत येई. दहावीला तिला ऐंशी टक्क्यांच्या वर गुण मिळाले, गावात पेढे वाटले गेले. त्या वर्षात तिने मैत्रिणींशी बोलणे जवळजवळ सोडले होते आणि ‘मी मुळातच मठ्ठ आहे, फक्त कोणाला कळलेले नाही’ अशी तिची पक्की खात्री झाली होती. निदान झाले ते पुढे महाविद्यालयात, मुंबईत गेल्यावर. मुलींमध्ये चंचलतेपेक्षा अनवधानाची लक्षणे अधिक दिसतात आणि गोंधळ न करणारे मूल तपासणीला पाठवावे असे कोणाला वाटत नाही. त्यामुळे मुलींचे निदान चुकते किंवा फार उशिरा होते, हे जगभर दिसून आलेले आहे.

जीवनमान किंवा जगण्याची प्रत मोजताना आरोग्यक्षेत्रातील मंडळी शरीराचे आरोग्य, मनाची स्थिती, स्वतःविषयीचे मत, घरातले नाते, मित्रमंडळ आणि शाळेतला दिवस असे अनेक घटक पाहतात आणि मुलाला स्वतःलाही त्याविषयी विचारतात. एडीएचडी असलेल्या मुलांच्या बाबतीत हे मोजमाप सरासरीने खाली येते, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. झोपेच्या तक्रारी, चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण या मुलांमध्ये अधिक असते. तंबाखू आणि धूम्रपानाकडे ती लवकर वळण्याचा धोका असतो. किशोरवयात वाहन हाती आले की अपघातांचा धोकाही इतरांपेक्षा वाढतो. आपल्याकडे सोळा वर्षांचा मुलगा परवान्याशिवाय काकांची दुचाकी घेऊन महामार्गावर जातो आणि घरचे त्याच्या धडाडीचे कौतुक करतात, तेथे ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आणखी एक निरीक्षण माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मुलाचे जीवनमान पालकांना जितके वाईट वाटते, त्यापेक्षा मूल स्वतः ते पुष्कळदा बरे सांगते. याचा अर्थ मुलाला परिस्थिती कळत नाही, असा लावू नये. पालक गुणांच्या काळजीतून पाहतात आणि मुलाच्या दिवसात पालकांना न दिसणाऱ्या काही चांगल्या जागा असतात. त्या जागा कोणत्या, हे आपण शोधले पाहिजे, कारण सावरण्याचे बळ तिथूनच येते.

सावरण्याचे बळ म्हणजे मुलाने दात-ओठ खाऊन सारे सहन करणे, असा अर्थ आपल्याकडे घेतला जातो. संशोधन वेगळे सांगते. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशके पाठपुरावा केला. दारिद्र्य, जन्मावेळची गुंतागुंत, घरातले आजार आणि भांडणे अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले समर्थ, प्रेमळ आणि आत्मविश्वास असलेली प्रौढ माणसे झाली. त्यांच्यात जे समान होते त्यात एक गोष्ट ठळक होती. त्या प्रत्येकाला आईवडील, आजी-आजोबा, शेजारी किंवा शिक्षक यांच्यापैकी निदान एक तरी असे माणूस लाभले होते, ज्याने त्याला आहे तसे स्वीकारले आणि जे वर्षानुवर्षे त्याच्या पाठीशी राहिले. हा अभ्यास एडीएचडीपुरता नव्हता. परंतु नॉर्वेमध्ये एडीएचडी असलेल्या १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांची जी पाहणी झाली तिचाही सूर याच्याशी जुळतो. ज्यांच्या घरात एकोपा होता आणि ज्यांना स्वतःच्या क्षमतेवर भरवसा होता त्यांचे जीवनमान चांगले आढळले, आणि सोबत भावनिक अडचणी असलेल्यांचे खालावलेले. ही एका वेळची पाहणी असल्यामुळे तिच्यावरून कारण आणि परिणाम ठामपणे सांगता येत नाहीत. तरीही दिशा स्पष्ट आहे. हे बळ मुलाच्या अंगी उपजत असते किंवा नसते, असे नाही. भोवतालची माणसे ते घडवतात, आणि तीच माणसे ते मोडूही शकतात.

वर सांगितलेल्या मुलाचे वडील बोटीवर असत आणि आई मासळी विकायला बाजारात जाई. घरी आजी होती. ती पालकसभेला आली तेव्हा म्हणाली, ‘माझो नातू वायट नाय, बाई, पण तेचा चित्त एका जाग्यार ऱ्हवणा नाय.’ इतके नेमके वर्णन त्या सभेत दुसऱ्या कोणाला करता आले नव्हते. तिला अक्षरओळख नव्हती. तिने पडवीतल्या दाराजवळ दप्तरासाठी एक खिळा ठोकून घेतला आणि रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती नातवाला समोर बसवून दुसऱ्या दिवशीचे विषय म्हणायला लावी, बोटांवर मोजी, आणि तितक्या वह्या दप्तरात पडल्याशिवाय ताट वाढीत नसे. त्यात ओरडणे नव्हते आणि उपदेशही नव्हता. वर्षअखेर त्याचे गुण थोडेच वाढले, पण वर्गाबाहेर उभे राहणे जवळजवळ थांबले आणि तो शाळा बुडवेनासा झाला. तज्ज्ञ मंडळी पालकांच्या प्रशिक्षणात जे शिकवतात, म्हणजे ठरलेली जागा, ठरलेली वेळ, एका वेळी एकच सूचना आणि काम झाल्यावर लगेच मिळणारी पावती, ते या बाईने स्वतःच्या अकलेने उभे केले होते.

अशा आज्या कोकणात घरोघरी आहेत, कारण कर्ता पुरुष मुंबईला किंवा बोटीवर आणि मुले आजी-आजोबांकडे ही आपली जुनीच रीत आहे. वाडीत सर्वांना सर्वांची मुले माहीत असतात. गणपतीत भजनाला मृदंग किंवा टाळ धरायला, शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवायला, दशावताराच्या रात्री पडेल ते काम करायला चंचल मुलगा सगळ्यांना हवा असतो. तिथे त्याची चपळाई कामाची ठरते आणि त्याला मान मिळतो. दुर्दैवाने गुण घसरले की घरचे पहिली बंदी घालतात ती याच गोष्टींवर. ढोल बंद, क्रिकेट बंद, समुद्रावर जाणे बंद. मुलाच्या दिवसातली जी एक जागा त्याला ‘तुला जमते’ असे सांगत होती, तीच काढून घेतली जाते आणि उरतात फक्त त्याला न जमणाऱ्या गोष्टी. असे करू नये, अशी माझी पालकांना कळकळीची विनंती आहे. वेळ ठरवून द्यावी, पण दार बंद करू नये. तसेच मे महिन्यात चाकरमानी गावी आले की ओटीवर सगळ्यांच्या समोर मुलांच्या टक्केवारीची जी तुलना चालते, ती या मुलांना किती जिव्हारी लागते हे त्यांच्या चेहऱ्यांवर मी पाहिले आहे. मुंबईहून रात्री येणारा वडिलांचा फोन जर रोज ‘अभ्यास केलास का’ इथून सुरू होऊन रागावण्यावर संपत असेल, तर काही दिवसांनी मूल फोनच टाळू लागते, आणि एक आधार तुटतो.

शाळेने करण्यासारख्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. मुलाला खिडकी आणि दारापासून दूर, पुढच्या बाकावर बसवावे. सूचना एकेक करून द्यावी आणि फळ्यावर लिहून ठेवावी. मोठा प्रकल्प एकदम न मागता त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची तारीख द्यावी. अर्ध्या तासाने वह्या वाटणे, फळा पुसणे, कार्यालयातून खडू आणणे असे काम सांगावे, म्हणजे उठण्याची गरज भागते आणि अपमानही होत नाही. चुकीवर लाल शेरा मारण्याआधी बरोबर आलेल्या तीन पायऱ्यांना गुण द्यावेत. वर्गाबाहेर उभे करण्याची शिक्षा तर कायमची बंद व्हावी. बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई केलेली आहे, आणि नववी-दहावीत गेल्यावर मुलाची अप्रतिष्ठा कमी दुखते असे मानायला काही आधार नाही. पावसाळ्याचा मुद्दाही इथे येतो. जून ते सप्टेंबर मैदाने चिखलाने बंद असतात, समुद्रावर जाता येत नाही, आणि शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. शरीराची हालचाल या मुलांचे अवधान काही प्रमाणात सुधारते. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीचे चार महिने त्यांना बसवून ठेवणे हे त्यांच्या अडचणीत भर घालणारे आहे. व्हरांड्यात लेझीम किंवा सूर्यनमस्कार होऊ शकतात. तो तास कोणीही मागू नये.

औषधांविषयीची भीती घरोघरी आहे. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले की ‘आमचा मुलगा काय वेडा आहे का, रत्नागिरीला पाठवायला’ असे उत्तर येते, कारण प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत असल्यामुळे शहराचे नावच लोकांच्या मनात त्या अर्थाने बसले आहे. मिथाइलफेनिडेट हे औषध मध्यम व तीव्र लक्षणांत उपयोगी ठरते. ते नियंत्रित औषधांच्या यादीत असल्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळते. ॲटोमोक्सेटिन हा वेगळ्या प्रकारचा पर्याय असून त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची नियमित तपासणी लागते. अमेरिकेत सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मुख्य लक्षणांवर औषधाचा परिणाम वरचढ दिसला, तर घरातले नाते, सामाजिक कौशल्ये आणि अभ्यास या बाबतींत औषधाला वर्तनोपचाराची जोड दिल्याचा लाभ आढळला. माझ्या मते किशोरवयात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. औषध का घ्यायचे हे मुलाशी मोकळेपणाने बोलून ठरवले नाही, तर पंधरा-सोळा वर्षांचे मूल ते गुपचूप बंद करते.

आता शासनाविषयी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अपेक्षित आहे, त्यातील वाढविषयक अडचणींच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे, आणि पुढील उपचारासाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. वर्षातून एकदा आरोग्य पथक शाळेत येते. माझ्या पाहण्यात या तपासणीत दात, डोळे, त्वचा आणि रक्तक्षय यांवर भर असतो. एका दिवसात शेकडो मुले तपासायची असतील तर अनवधान कोणाच्या लक्षात येणार? वर्गशिक्षकांनी आधीच एक साधी प्रश्नावली भरून ठेवावी आणि पथकाने त्यातील निवडक मुलांना वेगळा वेळ द्यावा, एवढे केले तरी मोठा फरक पडेल. आज देवगड किंवा वैभववाडीकडच्या पालकांना बालमानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई असा प्रवास करावा लागतो, दिवसाची मजुरी बुडते आणि दुसऱ्या भेटीला बहुतेक जण जात नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या मानसोपचार आणि बालरोग विभागांनी मिळून महिन्यातून एक दिवस प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालवावा, अशी माझी मागणी आहे. तोवर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक शाळेच्या सूचना फलकावर लावला जावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

परीक्षेतील सवलतींचा प्रश्न अधिक अवघड आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या परिशिष्टातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा उल्लेख आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. वाचन, लेखन किंवा गणितातील अध्ययन अक्षमता एडीएचडीसोबत पुष्कळदा असते, म्हणून पालकांनी तपासणीच्या वेळी दोन्हींची चाचणी आग्रहाने करून घ्यावी. परंतु ज्या मुलाला केवळ एडीएचडी आहे आणि ज्याचे नुकसान तज्ज्ञाने नोंदवलेले आहे, त्याला शांत खोली आणि थोडा वाढीव वेळ मिळावा, यासाठी मंडळाने आणि शासनाने विचार करण्याची वेळ आली आहे.

दहावीनंतरच्या वाटेबद्दलही इशारा द्यावासा वाटतो. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलाला आयटीआय, बागायती, मासेमारी किंवा पर्यटन व्यवसायात चांगले भवितव्य आहे, हे खरेच. मात्र ‘याला बसवत नाही, मग याला कुठेतरी कामाला लावा’ या हिशेबाने हुशार मुलांना विज्ञान शाखेपासून परस्पर दूर ठेवले जाते, तेही घडू नये. उपचार आणि आधार मिळाल्यावर यांतली अनेक मुले दीर्घ अभ्यासक्रम पूर्ण करतात. निवड आवडीवरून व्हावी, आजवरच्या शेऱ्यांवरून नव्हे.

शेवटची विनंती जिल्हा परिषदेच्या शिक्षण आणि आरोग्य विभागांना आहे. मुलाला तपासणीसाठी पाठवताना त्याच्यासोबत वर्गशिक्षकांचा अभिप्राय आणि पालकांचे निवेदन जाते. त्या कागदांना आणखी एक पान जोडावे, आणि त्यावर मुलाने स्वतः, मराठीत किंवा मालवणीत, लिहून किंवा दुसऱ्याला सांगून, दिवसातली कोणती वेळ त्याला सर्वांत कठीण जाते, कोणती बरी जाते आणि अडचणीत तो कोणाकडे जातो, हे नोंदवावे. तिसऱ्या प्रश्नापुढची जागा कोरी राहिली, तर डॉक्टरांची तारीख मिळेपर्यंत न थांबता शाळेने त्या मुलासाठी एक शिक्षक नेमून द्यावा.

विद्यार्थ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका,
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग